सव्वा महिना पाणी कोण भरणार?

सातवा महिना लागला की आमच्याकडे याद्या सुरू होतात. सावर्ड्याच्या बाजारात मिळेल ते सावर्ड्यात, नाहीतर एसटीने चिपळूण. झबली, टोपडी, दुपटी, लंगोट, कुंची, मच्छरदाणी. बाळंतिणीच्या खात्यावर डिंक, अळीव, खारीक, ओवा, बाळंतशेपा. अशा निदान दहा याद्या मी पाहिल्या आहेत, दोन स्वतः केल्या आहेत. त्यांतल्या एकाही यादीत माणसाचं नाव नव्हतं. लंगोट तीन डझन, हे लिहिलेलं. ते रोज धुणार कोण, हे नाही. अळीव पाव किलो. ते भिजवून लाडू वळणार कोण, हे नाही. बाळंतिणीला कढत पाण्याने न्हाऊ घालायचं हे सगळ्यांना पाठ. पण मे महिन्यात विहिरीचा तळ दिसत असताना ते पाणी भरणार कोण, हे वेळ आल्यावर ठरतं. आणि पुष्कळदा तिसऱ्या आठवड्यात बाळंतीणच कळशी उचलते.

म्हणून या लेखात वस्तूंबद्दल थोडं आणि माणसांबद्दल जास्त आहे. ज्यांच्या घरी येत्या दोन-तीन महिन्यांत बाळंतपण आहे त्यांनी वाचताना हाताशी एक कागद घेऊन बसावं.

आधी सव्वा महिन्याचं बघू. सव्वा महिना म्हणजे अडतीस-चाळीस दिवस. डॉक्टर सहा आठवडे सांगतात, म्हणजे बेचाळीस. चीनमध्ये महिनाभर बाळंतिणीला घराबाहेर पडू देत नाहीत, लॅटिन अमेरिकेत चाळीस दिवस जपतात. एवढ्या लांबलांबच्या बायकांनी एकमेकींना न विचारता जवळपास एकच मुदत घातली, कारण ती शरीरानेच सांगितलेली आहे. बाळ बाहेर आलं त्या वेळी गर्भाशय किलोभर वजनाचं असतं आणि बेंबीच्या आसपास हाताला लागतं. रोज साधारण बोटभर खाली उतरत ते पंधरवड्यात ओटीपोटाच्या हाडांआड जातं आणि सहा आठवड्यांनी साठ-सत्तर ग्रॅमवर येतं. वार सुटून येते तिथे आत तळहाताएवढी उघडी जखम असते. बाहेरून दिसत नाही म्हणून दहाव्या दिवशी बाई ‘छान टवटवीत’ दिसते. तेवढी जखम हातावर असती तर कुणी तिला भांडी घासायला बसवलं नसतं.

या जखमेची खबर रोज मिळत असते. अंगावरून जाणं पहिले तीन-चार दिवस लाल असतं, मग तपकिरी, मग पिवळट पांढरं. चार ते सहा आठवड्यांत थांबतं. रंग फिका झालेला असताना एखाद्या दिवशी पुन्हा लाल दिसायला लागलं तर आदल्या दिवशी काय केलं ते आठवा. जिना चार वेळा, बादली उचलली, पाहुण्यांसाठी दोन तास उभं राहून चहा केला, असं काहीतरी सापडतंच. त्या दिवशी सरळ पडून राहायचं. तरीही लाल जाणं कमी झालं नाही किंवा वाढलं, तर दवाखाना.

आता तो कागद. त्यावर घरातली रोजची कामं लिहा. पाणी, दोन वेळचा स्वयंपाक, बाळंतिणीचं वेगळं खाणं, धुणं, भांडी, मोठं मूल असेल तर त्याची शाळा आणि डबा, गुरं असतील तर गुरं, रात्री एकदा बाळाला घेऊन बसणं. प्रत्येक कामापुढे एक नाव. आणि त्या नावापुढे दुसरं नाव, कारण पहिलं माणूस आजारी पडतं, त्याच्या घरी कार्य निघतं. ‘सगळे मिळून करू’ असं लिहायचं नाही; सगळे मिळून करायचं काम कुणीच करत नाही. बाळंतिणीची आई असेल तर तिचं नाव किती वेळा आलं ते मोजा. साठीच्या, गुडघे दुखणाऱ्या बाईचं नाव सात कामांपुढे असेल तर तुमची योजना दहा दिवसांत मोडणार. तिच्याकडे न्हाणं आणि खाणं ठेवा, बाकीचं दुसऱ्यावर घाला.

आमच्याकडे यात ऋतूचा हिशेब धरावाच लागतो. एप्रिल-मेत तारीख असेल तर घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं. चौदा माणसं, अठ्ठावीस हात. पण ते सगळे पाहुणे. आंबे खायला आलेल्या दिराला लंगोट धुवायला सांगायची आपल्याकडे रीत नाही, ती या निमित्ताने पाडायला हरकत नाही. निदान पाण्याचं काम तरी या मंडळींकडे द्या, कारण नळाला एक दिवसाआड पाणी येतं तेही याच दिवसांत. तारीख जून-जुलैत असेल तर उलटी अडचण. गावातली प्रत्येक कामाला जाणारी बाई भातलावणीला लागलेली असते, पैसे देऊनही हात मिळत नाही. धुण्या-भांड्याला बाई हवी असेल तर मेच्या पहिल्या आठवड्यातच बोलून ठेवा आणि थोडे पैसे आगाऊ द्या.

पावसाळ्यातलं माझं एक ऐका. माझं पहिलं बाळंतपण जुलैत, माहेरी झालं. आठ दिवस सूर्य दिसला नव्हता. दुपटी सुकत नव्हती, म्हणून शेगडीवर डालगं उपडं घालून त्यावर ती पसरलेली असायची. दुसरी शेगडी माझ्या बाजेखाली. वारा बाळंतिणीला बाधतो म्हणून आत्याने खिडकीला प्लॅस्टिक ठोकलं होतं, दाराखाली गोणपाट. मला सकाळपासून डोकं दुखायचं, मळमळायचं, झापड यायची. ‘वारा लागला’ म्हणून आत्या शेगडीत आणखी दोन कोळसे टाकायची. बाराव्या रात्री वादळी पाऊस झाला आणि खिडकीचं प्लॅस्टिक निम्मं फाटून फडफडायला लागलं. रात्रभर गार वारा आत येत राहिला, आत्या हळहळत राहिली आणि सकाळी माझं डोकं थांबलेलं होतं. पुढे कितीतरी वर्षांनी एका डॉक्टर बाईंशी बोलताना उलगडा झाला. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. मी आणि बाळ वाचलो ते फाटक्या प्लॅस्टिकमुळे.

शेक हवा असेल तर जरूर घ्या, कंबरेला बरं वाटतं. पण गरम पाण्याच्या पिशवीने, किंवा दुसऱ्या खोलीत तापवलेल्या कापडाने. बाळंतीण आणि बाळ झोपलेल्या खोलीत धुमसता कोळसा नको, धुरीही नको. ओवा-शेपाचा वास छान असतो हे मलाही मान्य आहे. बाळाच्या फुप्फुसांना तो फक्त धूर असतो. कपडे सुकवायला पडवीत आडवी दोरी आणि एक पंखा लावा, आणि पावसाळ्यात लंगोट दीडपट घ्या. यादीतली एवढी एकच वस्तू मी वाढवते.

आराम म्हणजे बाजेवर निश्चल पडणं असाही एक समज आहे. तोही धोक्याचा. बाळंतपणानंतर काही आठवडे रक्त गोठण्याकडे झुकलेलं असतं. पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते. नॉर्मल बाळंतपण असेल तर काही तासांतच आणि सिझेरियन असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा, बहुधा दुसऱ्या दिवशीच, उठून चार पावलं टाकायची. पुढे घरातल्या घरात, मग अंगणात. मात्र बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. सिझेरियनवालीने तर सहा आठवडे अजिबात नाही. खोकताना, हसताना टाक्यांवर उशी दाबून धरावी. पोट बांधायला मऊ सुती पातळ चालेल, आधार वाटतो. आवळून बांधल्याने पोट आत जात नाही, उलट खालच्या सैल झालेल्या स्नायूंवर दाब येतो. ते स्नायू घट्ट व्हायला लघवी रोखून धरताना आवळतो तसे दिवसातून काही वेळा आवळायचे आणि सोडायचे. हे काम बाळाला पाजतानाही होतं.

न्हाऊ-माखू घालणारी बाई मिळत असेल तर ती जरूर ठेवा, आणि लवकर सांगून ठेवा, कारण गावोगाव अशा बायका आता कमी झाल्यात आणि एकीला तीन-तीन घरं असतात. तेलामुळे काय होतं नि काय नाही यावर वाद घालता येईल. पण दिवसातला एक तास कुणीतरी त्या मुलीच्या अंगावरून हात फिरवतं, बाकीचे तेवीस तास सगळे बाळाच्या अंगावरून फिरवत असतात. तिला नखं कापून, बांगड्या-अंगठ्या काढून, साबणाने हात धुवून यायला सांगा. सिझेरियननंतर पोटाला हात लावायचा नाही, हे आधीच बजावा. बाळाच्या नाळेला तेल, हळद, राख काहीही नको. कोरडी ठेवली की आपोआप गळते. बाळगुटी नको, मध नको, काजळ नको. सहा महिने फक्त आईचं दूध.

खाण्याबाबत कोकण मुळातच भाग्यवान आहे. पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज सहाशे कॅलरी जादा लागतात. म्हणजे साधारण एक जादा जेवण. ते एकदम जात नाही, म्हणून चार वेळा थोडंथोडं. सकाळी उकड्या तांदळाची पेज तूप-मीठ घालून, नाहीतर नाचणीची आंबील. दुपारी भात, कुळथाचं पिठलं, शेवग्याचा पाला किंवा मेथी. चार वाजता अळिवाचा लाडू. रात्री पुन्हा मऊ भात, वरण, अंडं. मासे खाणाऱ्यांच्या घरी बाळंतिणीला मोरीचं कालवण द्यायची पद्धत आहे. मोरी म्हणजे शार्क, आणि मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. त्यापेक्षा पेडवे, मांदेली, बांगडा बरे, स्वस्तही. डिंकाचे लाडू चांगलेच, पण दिवसाला चार खाऊन बद्धकोष्ठ झालं तर टाके असलेल्या बाईचे हाल होतात.

पाणी तोडू नका. ‘पाणी प्यायली तर पोट सुटेल’ हे मी शिकलेल्या घरांतही ऐकलंय. पाजताना घसा कोरडा पडतो तो उगीच नाही. बाजेच्या डाव्या-उजव्या, ज्या बाजूला हात पोचतो तिथे झाकणाचा तांब्या कायम भरलेला पाहिजे, आणि तो भरणाऱ्याचंही नाव कागदावर पाहिजे. सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या सहा महिने मिळतात, कॅल्शियमच्याही. दोन्ही एकाच वेळी घेऊ नयेत, आणि लोहाची गोळी चहाबरोबर नको. जेवणानंतर थोड्या वेळाने लिंबू-पाण्याबरोबर घेतली तर अंगी लागते.

पहिल्या तासातच बाळाला छातीशी लावा, चीक वाया घालवू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पान्हा दाटून येतो, छाती दगडासारखी होते, अंग कसकसतं. त्या दिवशी घरात कुणी डबा-बाटली सुचवेल. नको. गरम पाण्याचं फडकं, वारंवार पाजणं आणि उरलेलं हाताने पिळून काढणं, एवढ्याने दोन दिवसांत उतरतं. बाळ दिवस-रात्रीत आठ ते बारा वेळा पितं, म्हणजे सलग झोप नाहीच. यावर उपाय एकच: बाळ झोपलं की आईनेही झोपायचं, आणि हे सकाळी अकरा वाजताही लागू व्हायला हवं. त्यासाठी अकरा वाजता तिला कुणी भाजी निवडायला देता कामा नये.

पाहुणे. या विषयावर मी जरा तिखट आहे. बाळ बघायला येणाऱ्यांना संध्याकाळी पाच ते सहा अशी वेळ ठरवून द्या आणि ती बाळंतिणीने नव्हे, तिच्या वडिलांनी किंवा भावाने फोनवर सांगायची. जवळच्या माणसांनी विचारलं ‘काय आणू?’ तर ‘काही नको’ म्हणायचं नाही. ‘मंगळवारची रात्रीची भाजी आणा’ म्हणायचं. सर्दी-खोकलावाल्यांनी दारातूनच परतायचं. पाचवी घरच्या घरी होते, तिचा त्रास नाही. बाराव्या दिवशी बारसं मात्र विचार करून. टाके ओले असलेली मुलगी पैठणी नेसून हॉलमध्ये खुर्चीवर तीन तास बसते, फोटोसाठी हसते, आणि रात्री अंगावरून पुन्हा लाल जातं. नाव कानात सांगायला चार बायका नि पाळणा पुरतो. जेवणावळ तीन महिन्यांनी घाला.

दवाखान्याची तयारी आठव्या महिन्यात संपवा. मुंबई-पुण्याहून मुलगी माहेरी येणार असेल तर तिची सगळी फाइल, सोनोग्राफी, रक्तगट आणि माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर असू द्या आणि आल्या आठवड्यात इथल्या डॉक्टरांना दाखवा. रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला तर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागतं; ते कुठे मिळेल हे आधीच विचारून ठेवा. सावर्ड्याच्या माणसाला डेरवणचं वालावलकर रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे, आणि महामार्गाने चिपळूणकडे जाताना कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय. पण जवळ आहे म्हणून निष्काळजी राहू नये. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा शहरातले दवाखानेही सुटले नाहीत. पावसाळ्यातली तारीख असेल आणि घर ओढ्यापलीकडे, वाडीत आत असेल, तर शेवटचे आठ-दहा दिवस हमरस्त्याजवळच्या नातेवाइकांकडे मुक्कामाला जा. गाडीवाल्या दोन शेजाऱ्यांचे नंबर आणि १०८ भिंतीवर लिहून ठेवा. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, औषधं, जाणं-येणं आणि जेवण मोफत असतं. नॉर्मलला तीन दिवस, सिझेरियनला सात दिवस. म्हणून दुसऱ्याच दिवशी घरी पळायची घाई करू नका. पहिले दोन दिवसच सगळ्यांत जोखमीचे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी पाच हजार मिळतात, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. कागद आशाताई किंवा अंगणवाडीताई बघते. ते पैसे घरखर्चात न घालता धुण्याच्या बाईला द्या, असं माझं मत आहे. योजना आईच्या विश्रांतीसाठीच आहे.

आशाताई घरी येते ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचं वजन करते, ताप बघते. बरीच घरं तिला दारातच ‘सगळं ठीक आहे’ म्हणून परतवतात. या भेटींची मुळं गडचिरोलीत आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथे गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं आणि पुढे देशभर आशांना तेच काम दिलं गेलं. तेव्हा तिला आत बोलवा, बसवा, आणि बाळाबरोबर आईचंही सांगा. कुठे दुखतं, किती जातं, झोप किती.

काही गोष्टींत मात्र आशाताईची वाट बघायची नाही. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजतंय, मोठ्या गुठळ्या पडतायत; ताप आणि अंगावरून जाणाऱ्याला घाण वास; डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, झटका; एकाच पोटरीला सूज नि दुखणं; छातीत दुखणं, धाप; छातीवर लाल, तापलेली, न उतरणारी गाठ. यातलं काहीही झालं तर तडक १०८. रक्तदाब बाळंतपणानंतरही सहा आठवड्यांपर्यंत उसळू शकतो, म्हणून ‘आता सुटली बाई’ असं समजू नका.

आणि रडणं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बऱ्याच जणींना उगीच रडू येतं, पंधरवड्यात निवळतं. त्या काळात तिला ‘एवढं गोजिरं बाळ झालंय, रडतेस काय’ म्हणू नये. जवळ बसावं, झोपू द्यावं. पंधरवड्यानंतरही झोप नाही, खाणं नाही, बाळाकडे बघवत नाही, जीव नको वाटतो असं असेल तर ती बाहेरची बाधा नाही, नजर नाही, आजार आहे आणि त्याला पाजताना चालणारी औषधं आहेत. १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर मराठीत बोलता येतं. जिवाचं काही बरंवाईट करण्याचं बोलली, किंवा भ्रमिष्टासारखी वागायला लागली, तर तिला एकटीला एक मिनिटही सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर.

नवऱ्यांसाठी एकच सूचना. रजा सगळी बाळंतपणाच्या आठवड्यात संपवू नका. तेव्हा घर माणसांनी भरलेलं असतं आणि तुम्ही दवाखान्याच्या कँटीनमध्ये बसून असता. केंद्र सरकारी नोकरीत पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे, खाजगीत मालकाच्या मर्जीवर. अर्धी रजा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यासाठी राखून ठेवा, जेव्हा आत्या-मावशा आपापल्या गावी परततात आणि कागदावरची नावं गळायला लागतात. तेव्हा या, आणि पाणी भरा. नोकरी करणाऱ्या बाईला कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा आहे. त्यातले आठपर्यंत आधी घेता येतात. मात्र आधी जेवढे घेतले तेवढे नंतर कमी, हे ध्यानात ठेवून अर्ज करा.

बेचाळिसाव्या दिवशी आईची तपासणी आणि बाळाची दीड महिन्याची लस एकाच फेरीत होते. टाके, रक्तदाब, हिमोग्लोबिन, आणि पुढचं मूल कधी किंवा नाहीच, ते सगळं त्याच वेळी डॉक्टरांशी बोलून घ्या. पाळी आली नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत असं नसतं. त्यानंतर आमच्याकडे पाठवणी होते. विहीणबाईंना आठवडाभर आधी फोन करून मुलगी अजून रात्री किती वेळा उठते, जड उचलायला डॉक्टरांनी कधीपासून सांगितलंय, लोहाच्या गोळ्या अजून किती महिने आहेत, हे नीट सांगा. कागद नवा करून द्या, तिकडच्या माणसांची नावं त्यांनाच भरू द्या. आणि तो पिशवीत तळाशी घालू नका; वर ठेवा, लसीकरणाच्या कार्डाला पिन मारून.